हौमियाची मालकीण

पनवेलजवळच्या एका गावात मी काही वर्षं भाड्यानं राहत होते. त्या काळात घराचा पत्ता सांगताना मला दोन वाक्यं बोलावी लागत. पहिलं, बिल्डिंगचं नाव हौमिया. दुसरं, नाही हो, होमिओपॅथी नाही.

तरी माणसं यायचीच. गुडघे धरून आजोबा यायचे, कडेवर खोकणारं पोर घेऊन बायका यायच्या आणि तळमजल्यावरच्या दारासमोर रांग लावून बसायच्या. आमच्या घरमालकीणबाईंना सगळे काकी म्हणत. त्यांनी कधी कुणाला हाकललं नाही. "डाक्टर नाय हाय हितं. पन आलाव तं पानी पिऊन जा," म्हणायच्या. एका गुडघेवाल्या गृहस्थांना त्यांनी घरचं तेल कोमट करून दिलं. गुडघा बरा झाला की नाही कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या व्याह्यांना पाठवलं.

हौमिया म्हणजे काय, हे त्या गावात दोघींनाच माहीत होतं. मला माहीत होतं ते पुस्तकातलं. काकींना माहीत होतं त्यातलं निम्मं माझ्याकडून ऐकलेलं आणि निम्मं त्यांनी स्वतःच ठरवलेलं.

काकींना गाव पाठीमागे भिंगरी म्हणत असे. ते खोटं नव्हतं. ही बाई बसलेली मी पाहिलीच नाही. सकाळी जिना पुसायच्या, तो पुसता पुसता गच्चीवर जायच्या, तिथं वाळत घातलेल्या सुक्या बोंबलांवरचे कावळे हाकायच्या, पाण्याची मोटर बंद करायला खाली धावायच्या, वाटेत माझ्या घरात डोकावून "तुमच्या वालाला नीट मोड आलं नाय" असा निकाल देऊन जायच्या. दार वाजवणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. चहा चालता चालता प्यायच्या. जेवायच्यासुद्धा उभ्यानं, ओट्याला टेकून. मी कावून एकदा म्हटलं, "काकी, दोन मिनिटं बसा की." तर म्हणाल्या, "बसली तं लोका इचारतील, आजारी हाय क?"

माझं त्यांच्याशी भांडण व्हायचं ते पाण्यावरून. मी अंघोळीला गेले की हमखास मोटर बंद. मी ओरडायचे. त्या खालून ओरडायच्या, "येवरं पानी काय करतीस, मिठागर भरतीस क?" मग संध्याकाळी तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि कोलंबीचं सुकं माझ्या ओट्यावर आपोआप येऊन पडलेलं असायचं. त्यामुळे भांडण कधी पुरतं रंगलंच नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. एका सकाळी कॉलेजला निघाले होते आणि काकी जिन्यात पुसत होत्या. मी सहज चेष्टा केली. म्हटलं, "काकी, तुमच्यासारखाच एक ग्रह आहे. नेपच्यूनच्याही पलीकडे, फार लांब. स्वतःभोवती इतका गरगर फिरतो की फिरून फिरून अंड्यासारखा लांबट झालाय."

मला वाटलं, हसतील आणि बाजूला होतील. काकींनी फडकं बादलीत टाकलं आणि जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"का फिरतं येवरा?"

आता बस चुकणार हे मला कळलं. मी सांगितलं, की फार पूर्वी कुणीतरी येऊन त्याच्यावर जोरात आदळलं असावं. त्या धक्क्यानं तो फिरायला लागला, त्याचे तुकडे उडाले, आणि दोन तुकडे त्याच्याभोवतीच फिरत राहिले. ते त्याचे चंद्र. समुद्रापलीकडच्या एका बेटावर बाळंतपणाची देवी आहे हौमिया नावाची, तिचं नाव ग्रहाला दिलं, आणि तिच्या दोन मुलींची नावं चंद्रांना. थोरल्या चंद्राचं हियाका, धाकट्याचं नामाका.

"दोन पोरी?"

"हो."

"पोरगा नाय?"

"नाही."

काकींनी पायानं बादली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "धक्का बसला म्हनून कोन फिरतं क टीचर? धक्का बसला तं मानूस बसतं खाली. ती फिरते पोरींवं नजर ठेवाला. एक पोर हिकरं, एक तिकरं. फिरल्याबिगर कशी दिसतील?"

बस तर गेलीच होती.

हे त्या कुणाबद्दल बोलत होत्या ते मला कळत होतं. काकींनाही दोनच मुली. धाकटी वर्षाचीही नव्हती तेव्हा नवरा गेला. मिठागरावर मीठ ओढलं, पनवेलात लोकांकडे स्वयंपाक केला आणि दोघींना वाढवलं. थोरली उरणकडे दिलेली, गोल चेहऱ्याची, हळू बोलणारी. दर रविवारी करंजाहून आणलेल्या सुकटीची पिशवी घेऊन माहेरी यायची. धाकटी आईजवळच राहायची. उरणला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होती, बुलेटवरून जायची, आणि बोलायची इतकं कमी की मला सुरुवातीला वाटलं तिला मी आवडत नाही. जमीन सरकारनं घेतली तेव्हा बदल्यात नवऱ्याच्या वाट्याचा जो प्लॉट आला, त्यावर काकींनी ही बिल्डिंग उभी केली. तळमजल्यावर त्या आणि धाकटी, वर दोन मजले भाड्यानं.

त्या दिवसापासून हौमिया आमच्या घरात राहायला आली. त्या दिवसांत विमानतळासाठी टेकडी फोडायचं काम चालू होतं आणि सुरुंगाच्या आवाजानं खिडक्या थरथरायच्या. एकदा तसा दणका बसला तर काकी मोरीतून ओरडल्या, "टीचर, येवरा बसला असंल क तिला?" मी म्हटलं, याच्या कितीतरी पट. "बाय गं," म्हणाल्या, आणि ते कालच्या बाळंतिणीबद्दल म्हणावं तसं म्हणाल्या. पुढं तिच्याभोवती एक कडंही सापडलंय असं मी सांगितलं, तेव्हा "चांदीचं क?" असं विचारलं. बर्फाचं आणि दगडाचं असेल म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. "असू दे. अंगावं कायतरी हाय ना."

खरं वाजलं ते बटू या शब्दावरून. मी मराठीतलं एक पुस्तक त्यांना दाखवलं. काकी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, बोट ठेवून वाचायच्या. बोट एका जागी थांबलं.

"बटुग्रह? बटू म्हंजे मुंजीतला तो?"

"छोटा ग्रह, काकी. इंग्रजीत जे म्हणतात त्याचं मराठी."

"आमच्यान मुंज नाय करीत. पन मी पनवेलात एका घरान सैपाकाला व्हती, तिकरं बघितली हाय. बटू म्हंजे चकोट केलेला पोर. आईच्या ताटान बसून जेवते. सगल्या बाया त्याला घास देतान." त्यांचा आवाज चढत गेला. "आन ही दोन पोरींची आई! ती बटू कशी? ती ताट वारनारी हाय टीचर, ताटान बसनारी नाय!"

मी म्हटलं, मी काय करू, शब्द मी नाही बनवला. त्या म्हणाल्या, "तुमी शिकवताव ना? मंग पोरांना सांगा." आणि तरातरा निघून गेल्या. त्यानंतर वर्गात बटुग्रह म्हणताना माझी जीभ दर वेळी अडखळते. पोरांना वाटतं मॅडम विसरल्या.

बिल्डिंगवर पाटी लागली ती त्या दिवाळीच्या आधी. गावातल्या बाकीच्या बिल्डिंगींना देवांची, आई-वडिलांची नाहीतर मुलग्यांची नावं. काकींनी रंगाऱ्याला बोलावून हौमिया लिहायला सांगितलं. त्यानं होमिया लिहिलं. काकींनी मागे लागून वर आणखी एक मात्रा काढून घेतली, पण लोकांच्या डोळ्यांना ती शेवटपर्यंत दिसली नाही. त्यातून ते होमिओपॅथीचं लचांड. आणि आत, पहिल्या मजल्याच्या दारावर लिहून घेतलं हियाका, दुसऱ्यावर नामाका. मी दुसऱ्या मजल्यावर. कुरिअरवाले दारात उभे राहून विचारायचे, "मॅडम, नाम का मतलब? किस के नाम का?"

हाच प्रश्न काकींच्या दिरांना पडला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

दीर तसे वाईट नव्हते. भाऊ गेला तेव्हा घरात धान्य त्यांनीच टाकलं होतं, हे काकी स्वतः सांगायच्या. त्यांचे दोन मुलगे होते, आणि त्यांच्या हिशेबानं गोष्ट सरळ होती. वहिनीला मुलगा नाही, तेव्हा तिच्यामागे हा प्लॉट आपल्या मुलांकडे येणार. त्यासाठी दोन्ही पुतण्यांनी, म्हणजे काकींच्या पोरींनी, हक्कसोड करून द्यायचं. आमचा यात काही हक्क नाही, अशी सही करून मोकळं व्हायचं. त्या भागात घरोघरी बहिणी अशी सही करतात. करतात म्हणून त्यांना माहेर राहतं. भाऊबीज, साडीचोळी, बोलावणं, सगळं त्या सहीवर टिकून असतं.

दिरांनी पाटी वाचली, जिना चढून दोन्ही दारं वाचली आणि खाली येऊन मलाच विचारलं, ही नावं कुणाची? मी भोळेपणानं सांगितलं, की एका देवीच्या दोन मुलींची. त्यांनी मान हलवली. काकींनी एकेक मजला, त्यांच्या भाषेत माला, एकेकीच्या नावानं रंगवून टाकलाय, हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं.

"वयनी," ते म्हणाले, "पोरी परक्या घरच्या. उद्या त्यांना माहेर नको?"

"मी हाय ना माहेर." काकी पायरी झाडतच होत्या.

"आन तू गेल्याव?"

"मंग पयला माला एकीचा माहेर, दुसरा माला दुसरीचा. भारोत्री ऱ्हातील, तरी खोल्या पोरींच्याच ऱ्हातील."

"भिंती मामा व्हनार हान क नातींच्या लग्नान?"

हे मात्र बरोबर जागी लागलं. थोरलीच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. आपल्याकडे नवरीला मांडवात आणायची ती मामानं. सख्खा मामा नाही, तर हे चुलत मामाच. दिरांनी थोरलीला निरोप पाठवला, की सही केलीस तर माझे पोरगे फेटा बांधून मामा म्हणून उभे राहतील. नाही केलीस तर मामा शोध.

पुढच्या रविवारी थोरली आली ती रडून लाल झालेली. मी माझ्या दारातून सगळं ऐकत होते. त्या घरात न ऐकणं शक्यही नव्हतं.

"आये, सही केली तं काय जाते आपलं? माज्या पोरीला मांडवान कोन आननार? सासरची तोंडं धरनार हाय क तू?"

"तुजा हाय त्यो माला. तू सोडशील तं सोड. मी नाय पुसनार दारावचं नाव."

"तुला नावांचा पडलाय! कुठचा तो आभालातला गोला, आन माजी पोर हितं हाय!"

ती सुकटीची पिशवी ठेवून गेली. त्यानंतर रविवारची पिशवी बंद झाली. काकींचं फिरणं मात्र वाढलं. जिना दिवसातून दोनदा पुसला जाऊ लागला. मोटरसुद्धा वेळेवर चालू राहू लागली, आणि त्यामुळेच मला जास्त काळजी वाटायला लागली.

एका संध्याकाळी मी वर येत होते. काकी जिन्यात फडकं पिळत होत्या. पाणी कधीच निथळून गेलं होतं, तरी पिळत होत्या.

"बाय," त्या म्हणाल्या. टीचर नाही, बाय. "चंद्र सुटतं क कवा?"

मी शिक्षिका. प्रश्न आला की उत्तर बाहेर पडतं. मी सांगितलं, की चंद्र हळूहळू लांब जाऊ शकतो. आपलाही जातोय. आणि कुणी जोरात येऊन आदळलं, तर सुटूही शकतो.

"मंग कुठं जाते?"

"कुठंच नाही. एकटाच भटकत राहतो."

काकींनी मान डोलावली. फडक्याला आणखी एक पीळ दिला आणि म्हणाल्या, "माजं लगीन भटानं नाय लावलं. धवलारनीनं लावलं. बाईच ती. रातभर गानी बोलून देव बोलावलंन, आन लगीन लावलंन. तवा कोनी नाय इचारलं, बाईनं लावलेलं लगीन लागते क." त्यांनी फडकं झटकलं. "बाईनं लगीन लावलेला चालते, आन मामा व्हवाला पोरगाच लागते?"

मी म्हटलं, "मग हे थोरलीला सांगा ना."

"मी नाय सांगनार. मी सांगून ती आली तं ती माजी आली. तिची ती आली पायजे."

लग्न उरणच्या एका हॉलमध्ये होतं, दुपारच्या मुहूर्तावर. थोरलीनं सही केली नव्हती आणि नाहीही म्हटलं नव्हतं. "बघू" म्हणत तिनं तो दिवस आणून ठेवला होता. दीर दोन्ही मुलग्यांसह पुढच्या रांगेत बसले होते. मुलगे कडक इस्त्रीत होते, डोकी मात्र उघडी. मामाचा फेटा थोरलीच्या हातातल्या ताटात होता, गुलाबी, नुकताच बांधलेला. दिरांनी येताना तिला एवढंच म्हटलं होतं, "तू हो बोल. सही उद्या करू."

काकी सकाळपासून हॉलभर धावत होत्या. पंखे, पाणी, आचारी, रुसलेल्या विहीणबाई, सगळं त्याच बघत होत्या. धाकटी बाहेर गाड्या लावून घेत होती. मी नवऱ्यामुलाच्या बाजूला चुकून बसले होते, तिथून सगळं समोर दिसत होतं.

भटजींनी माईक हातात घेतला. "मुहूर्त जवळ आलेला आहे. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे."

पुढच्या रांगेतलं कुणी उठलं नाही. दीर थोरलीकडे बघत होते. थोरली ताट धरून नवरीच्या खोलीच्या दारात उभी होती.

"मुलीचे मामा," भटजी पुन्हा म्हणाले, "कृपया लवकर."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. नवरी दारात येऊन थांबली होती, हातात हार, डोळे भरलेले. आता काकी धावणार, असं मला वाटलं. तिथपर्यंत धावत जाणार, ओरडणार, दिराला चार शब्द सुनावणार, नाहीतर स्वतःच नातीचा हात धरून तिला आणणार. मी मान वळवून त्यांना शोधलं. काकी खांबाजवळ उभ्या होत्या. पदराचं टोक दोन्ही मुठीत धरलेलं, आणि पाय जमिनीला चिकटलेले. इतक्या वर्षांत ही बाई हाताला काम नसताना एका जागी उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली. मला रडूच आलं.

थोरलीनं एकदा आईकडे पाहिलं. मग तिनं दरवाजाच्या दिशेनं हाक मारली. ती हळू बोलणारी बाई, पण ती हाक बाहेर गाड्यांपर्यंत गेली.

"ए गो! कुठं हास? ये हितं!"

धाकटी आत आली, हातात कुणाच्या तरी गाडीची किल्ली. थोरलीनं ताटातला फेटा उचलला आणि बहिणीच्या डोक्यावर ठेवला. जरा मोठा झाला, कानावर आला. तिनं तो मागून दाबून बसवला, लहानपणी वेणी घालताना डोकं दाबावं तसा.

भटजी गोंधळले. "मामा कुठं आहेत?"

"ही काय," थोरली म्हणाली. "हीच मामा."

भटजींनी धाकटीकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मुहूर्त निघून चालला होता. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला आणि अतिशय आदरानं जाहीर केलं, "मुलीच्या मामा आलेल्या आहेत!"

सगळा हॉल हसला. त्या हसण्यात बँड सुरू झाला, आणि धाकटी भाचीचा हात धरून, फेटा सावरत, मांडवात आली. अक्षता पडल्या. दिरांनीही टाकल्या. मुठीत राहून गेल्या होत्या, त्यांना दुसरं काय करता येणार होतं.

मंगलाष्टकं संपेपर्यंत काकी हलल्या नाहीत. मी उठून त्यांच्याजवळ गेले. त्या माझ्याकडे न बघता, मांडवातल्या दोघींकडे बघत बोलल्या.

"बाय, त्या तुज्या पुस्तकान चंद्राचं लिवलंय ते खोड."

"काय खोडू, काकी?"

"नाय सुटत," त्या म्हणाल्या, आणि पंगतीकडे धावल्या.